मोटार जुनी, रस्ता रोजचा

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला, तो संतकवितेवर. मी लिहून पाठवते आहे तो जुन्या मोटारी कशा घ्याव्यात यावर. मराठी शिकवणाऱ्या बाईने हा उद्योग करावा, हे वाचकांना थोडे विपरीत वाटेल. पण खरे सांगायचे तर गेल्या काही वर्षांत मी टायरवरचे आकडे आणि नोंदणीपुस्तकाचे रकाने ज्या बारकाईने वाचले, त्या बारकाईने एखादी पोथी वाचली असती तर आजवर डॉक्टरेट पदरात पडली असती. त्यातून जे शिकले ते महाग पडले. ते आपल्यापर्यंत फुकट पोचावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझे घर बोरिवलीला आणि कॉलेज मनोरच्या थोडे पुढे. म्हणजे अहमदाबादच्या महामार्गाने जाताना सत्तर आणि येताना सत्तर किलोमीटर. "लोकल असताना मोटार कशाला?" असे आमच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ मला नेहमी विचारत. त्यांचे चूक नाही. पालघरपर्यंत गाडी जाते, मीही कित्येक वर्षे गेले. पण पालघरला उतरल्यावर पुढचे वीसेक किलोमीटर एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर शेअर जीप. सकाळी आठचा तास गाठायचा तर पहाटे साडेचारला चूल पेटवायची, आणि संध्याकाळी घरी यायला साडेसात. पुढे विज्ञान शाखेतल्या एका सहकाऱ्यांच्या मोटारीत मला जागा मिळाली. पेट्रोल अर्धे अर्धे. ते निवृत्त झाले आणि माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. चिरंजीव बारावीत, सासूबाईंचे गुडघे दुखणारे. दिवसाचे दोन तास वाचणे ही चैन नव्हती, गरज होती. नवी मोटार घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा जुनी घ्यायची ठरली.

पहिला धडा

पहिली मोटार मी डोळ्यांनी पसंत केली. बारा वर्षांची डिझेल गाडी, किंमत दोन लाख दहा हजार. रंग नुकताच दिलेला, आत गुलाबाचा सुवास, आसनांवर नवी कोरी कव्हरे. विकणाऱ्या दलालाला मी काही विचारले की उत्तर तो आमच्या यजमानांकडे पाहून देई. यजमानांना मोटार चालवता येत नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. आणि गाडीतला गुलाबाचा वास कशावर पांघरूण घालतो आहे, हे आम्हाला कळले नाही.

ते जुलैत कळले. संध्याकाळी परत येताना सकवारच्या पुढे पावसात गाडीचे दिवे एकदम गेले, मग इंजिन गेले. मागून कंटेनरचे ट्रक सुसाट येत होते आणि मी डावीकडच्या मातीत गाडी कशीबशी उतरवून दीड तास उभी होते. घरी फोन केला तेव्हा आवाज शक्य तितका शांत ठेवला. दुसऱ्या दिवशी दहिसरच्या मेस्त्रींनी पायाखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेल्या गाळाचा पापुद्रा होता. गाडी केव्हातरी पुरात बुडालेली होती.

मुंबईत ही गोष्ट नवलाची नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. तेवढा पाऊस पुन्हा पडला नसला, तरी कुर्ला, घाटकोपर, भांडुपच्या सखल रस्त्यांवर आणि अंधेरीच्या भुयारी मार्गात दर पावसाळ्यात पाणी भरतेच. त्यांतल्या काही गाड्या धुऊन पुसून बाजारात येतात. माझी त्यांतलीच एक. शेवटी ती नव्वद हजारांना गेली. विकताना घेणाऱ्याला मी गाळाचीही गोष्ट सांगितली, म्हणून नव्वदच. चार महिन्यांत एक लाख वीस हजार रुपये आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. स्वस्त मोटार मला अशी पडली.

हिशेब किलोमीटरचा

त्यानंतर मी वही घेऊन बसले. रोजचे १४० किलोमीटर, वर्षाला कामाचे दिवस सुमारे दोनशे, म्हणजे २८,००० किलोमीटर. महिन्यातून एकदा सिद्धिविनायकाला जाणाऱ्या कुटुंबाची मोटार वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालते. तिने कोणते इंधन प्यावे याला फारसे महत्त्व नाही. माझ्यासारखीला मात्र खरेदीच्या किमतीइतकीच इंधनाची किंमत जड. म्हणून मोटारीचा भाव विचारण्याआधी एका किलोमीटरला किती पडेल, हे विचारायला हवे.

२०२५ सालचे मुंबईतले भाव धरा: पेट्रोल लिटरला एकशेतीन रुपयांच्या पुढे, डिझेल नव्वदच्या आसपास आणि सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास. जाहिरातीतले मायलेज बाजूला ठेवून रस्त्यावर खरोखर मिळते ते घेतले, तर छोटी पेट्रोल मोटार लिटरला सतरा किलोमीटर जाते, डिझेलची एकवीस, आणि सीएनजीची किलोला पंचवीस. म्हणजे वर्षाचे इंधन पेट्रोलवर एक लाख सत्तर हजार, डिझेलवर एक लाख वीस हजार आणि सीएनजीवर नव्वद हजार रुपये. पेट्रोल आणि सीएनजी यांच्यातला फरकच ऐंशी हजारांचा! भाव वरखाली होतील; आपण आपल्या गावचे भाव घालून ही त्रैराशिके पुन्हा मांडावीत.

यात घसारा मिळवायचा. समजा सीएनजीची तीन-चार वर्षांची मोटार पाच लाख साठ हजारांना घेतली आणि पाच वर्षे, म्हणजे १,४०,००० किलोमीटर वापरून एक लाख चाळीस हजारांना विकली. गेले चार लाख वीस हजार, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. इंधन तीन रुपये वीस पैसे. विमा, टायर, तेल, दुरुस्ती मिळून पावणेदोन ते दोन रुपये. एकूण आठच्या घरात. तीच मोटार नुसत्या पेट्रोलवरची घेतली, तर ती सत्तर हजारांनी स्वस्त मिळूनही किलोमीटरला दहाच्या वर जाते. स्वस्त वाटणारी गाडी वर्षाला साठ हजारांनी महाग, हे वहीशिवाय मला कधीच दिसले नसते.

डिझेलचा विचार मी सहजी सोडला नाही. लांबच्या रस्त्याला डिझेल इंजिन फार चांगले. मारुती, टाटा आणि फियाट या तिघांच्याही गाड्यांत बसलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन मेस्त्रीलोकांना तोंडपाठ आहे आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या आणि छोट्या डिझेलमध्ये नव्या नियमाच्या गाड्या थोड्याच राहिल्या: अमेझ, ऑरा, अल्ट्रोझ अशा. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. महामार्गावर गाडी तापून धावली की ती काजळी जळून जाते. गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि मग खर्च मोठा. तेव्हा रोज महामार्गाने जाणाऱ्याने डिझेल जरूर पाहावे, मात्र अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावरच आयुष्य काढलेली डिझेल गाडी घेऊ नये.

सीएनजीलाही खोड्या आहेत. सामानाची जागा टाकी खाते. एका भरणीत दोनशे किलोमीटर धरले, तर जवळजवळ रोज पंपाची रांग. मी संध्याकाळी रांगेत वीस मिनिटे निबंध तपासते. दुसऱ्या कुणाला तो वेळ जड जाईल. २०२५ च्या नोव्हेंबरात मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबईतले कितीतरी सीएनजी पंप बंद पडले. अशा वेळी गाडी पेट्रोलवरही चालते, हा आधार. टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी व्हावी लागते; तिची तारीख पाहून घ्यावी. कारखान्यातून बसवून आलेला संच उत्तम. बाहेर बसवला असेल, तर त्याची नोंद आरसीवर असल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

विजेवरच्या मोटारीविषयीही आता विचारतात. घरी रात्री चार्ज करता आली तर किलोमीटरचा खर्च सर्वांत कमी. पण आमच्या सोसायटीत मीटरवरून वाहनतळापर्यंत तार ओढण्याचा विषय तीन सर्वसाधारण सभा चालला आहे. जुनी घेताना बॅटरीची हमी किती उरली आणि ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे लेखी पाहावे.

साल कोणते?

सकवारच्या त्या दीड तासानंतर एक गोष्ट मी वहीबाहेर ठेवली, ती सुरक्षितता. तिच्यात काटकसर नाही. सुदैवाने इथे कायद्याने आपले काम सोपे केले आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत चाके घसरू न देणारे एबीएस ब्रेक आले. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न बांधल्यास वाजणारी घंटा सक्तीची झाली. पुढच्या दुसऱ्या आसनाची एअरबॅग २०२२ सालापासून सगळ्याच नव्या गाड्यांत आली. म्हणून माझा नियम असा: जुलै २०१९ च्या आधीची मोटार रोजच्या महामार्गासाठी नको, आणि २०२२ ची मिळाली तर सोडू नये.

पट्टा मात्र आपणच बांधायचा असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, मनोरच्या पुढे चारोटीजवळ, सायरस मिस्त्री अपघातात गेले. मोटार अत्यंत महागडी आणि मजबूत होती. ते मागे बसले होते आणि पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या पुलावर माझे विद्यार्थी मोटारसायकलींवरून जातात. तेव्हापासून माझ्या गाडीत मागे बसणारा पट्टा बांधीपर्यंत मी किल्ली फिरवीत नाही. सासूबाईंनाही सवलत नाही.

मेस्त्रींची शाळा

दुसऱ्या वेळी मी दलालाऐवजी मेस्त्रींना बरोबर घेतले. ते साठीपुढचे. फियाट टॅक्सींवर हात बसलेले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी ती फियाट, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. तिच्यासाठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्यामुळे जुनीलाही तोऱ्याचा भाव असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मेस्त्री म्हणाले, "ताई, तेव्हा गाडी मिळत नव्हती. आता गाड्या पुष्कळ, पण नीट बघणारा मिळत नाही."

त्यांच्याबरोबर मी नऊ गाड्या पाहिल्या. त्यातून हाती आलेले हे ज्ञान.

गाडी सकाळी पाहावी आणि इंजिन थंड असताना सुरू करावे. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी परत यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पिते आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा थंडीत क्षणभर येतो, पण येतच राहिला तर इंजिनात पाणी शिरते आहे.

सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पुराच्या पाण्याची रेघ तिथे धुतली जात नाही. सीटखालचे लोखंडी रूळ, जादा चाकाचा खड्डा आणि गालिच्याखालची जमीन हाताने चाचपावी. दिव्यांच्या काचेत आतून धुके असेल, तर मुकाट्याने घरी जावे. आणि गाडीत सुवास दरवळत असेल, तर दुप्पट सावध व्हावे!

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ लिहिले असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मोटार चार वर्षांची आणि टायर सहा वर्षांचे, असे दिसले तर काहीतरी बदलले आहे. टायरची नक्षी शिल्लक असली, तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होते. महामार्गाच्या वेगाला ते चालणार नाही. चार नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करून बोलावे.

किलोमीटरच्या आकड्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा. तो मागे फिरवता येतो. क्लचच्या पायटीचे रबर गुळगुळीत आणि आकडा मात्र पंचवीस हजार, ही जोडी जमत नाही. कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातल्या नोंदी मागाव्यात. प्रत्येक वेळी तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात.

मेस्त्रींनी मला शिकवलेली सर्वांत उलटी गोष्ट अशी: जास्त चाललेली गाडी नेहमी वाईट नसते. महामार्गावर एका लयीत धावलेली ऐंशी हजारांची मोटार जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या कोंडीत अर्ध्या क्लचवर रांगलेल्या चाळीस हजारांच्या मोटारीपेक्षा ताजी असू शकते. आणि "सोसायटीत नुसती उभी असायची हो" अशी गाडी म्हणजे वाळलेले रबर, मेलेली बॅटरी आणि गंजलेले ब्रेक. गाडी किती चालली याबरोबर कुठे चालली, हे विचारावे.

कागदपत्रे

गाडी पसंत पडली की भावना आवरून कागद काढावेत. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक घातला की नोंदणीचे साल, कितवा मालक, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेले ई-चलन वेगळे पाहावे. नाहीतर दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलचा दंड आपण भरायचा.

मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८. बोरिवलीचा क्रमांक एमएच-४७, अंधेरीचा ०२, मुलुंड-घाटकोपरकडचा ०३, ठाण्याचा ०४. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण इथे कर पुन्हा भरावा लागतो. तो मिळवून मगच स्वस्त म्हणावे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, हेही विसरू नये.

विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, ती आपल्याला मिळत नाही. म्हणून हप्ता थोडा वाढतो. ताबा घेतल्याची पावती तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सहीने करावी.

भाव करताना आणखी एक ध्यानात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधीच्या किमतीशी तुलना करून कुणी जुन्या गाडीचा भाव सांगत असेल, तर त्याच गाडीची आजची नवी किंमत विचारून घ्यावी आणि मग बोलावे.

टोलचा खर्चही वहीत मांडावा. दहिसरच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना टोल नाही. पुढे खानिवड्याला आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी तीन हजार रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला. एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाका एकदा ओलांडला की एक फेरी. माझ्या दिवसाला दोन होतात, म्हणजे पास शंभर दिवसांत संपतो आणि वर्षाला दोन लागतात. तरीही फेरी पंधरा रुपयांना पडली.

मग कोणती घेतली?

दहावी मोटार मी घेतली. २०२२ ची, कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली, मागे डिकी असलेली छोटी गाडी. मालक एकच, नाशिकला नियमित जाणारे एक औषधविक्रेते. शेहेचाळीस हजार किलोमीटर, सगळ्या नोंदी जपलेल्या. किंमत पाच लाख साठ हजार. मी प्रश्न विचारले आणि त्यांनी उत्तरे मलाच दिली, हेही मला आवडले. मेस्त्रींनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिले, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "ताई, ही घ्या. टायर मात्र मार्चमध्ये बदला."

मी मार्चची वाट पाहिली नाही, फेब्रुवारीतच बदलले. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. जुलैत तिच्यातून सकवारवरून पहिल्यांदा मुसळधार पावसात गेले, तेव्हा स्टिअरिंगवरचे माझे हात घट्ट झाले होते. दिवे चालू राहिले. साडेपाचला मी घरी होते. सासूबाईंनी चहा टाकला होता. चिरंजीव पुस्तकांत डोके घालून बसले होते, त्यांनी मान वर करून एवढेच विचारले, "आज लवकर?"

या दिवाळीत ज्यांचा जुनी मोटार घेण्याचा बेत असेल, त्यांनी पाडव्याच्या मुहूर्ताची घाई करू नये. वहीत रोजचे किलोमीटर लिहावेत, ओळखीचा मेस्त्री गाठावा, आणि गाडी पाहायला सकाळीच जावे, इंजिन थंड असताना. गालिचा उचलायला मालक नको म्हणाला, तर चहा पिऊन परत यावे. संतकवितेवरचा लेख मी पुढच्या वर्षी देईन.